नाटक रोह्याला नेताना

गणपती झाले की पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांत थोडी उसंत मिळते. २००३ साली पाऊस ओसरल्यावर अशाच एका कारखान्याच्या शेडमध्ये आमच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. एका भिंतीशी साचे रचून ठेवलेले, कोपऱ्यात शाडूची पोती, आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही आठ-दहा माणसं. नाटक रोह्याला न्यायचं होतं. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, पण आमच्या मंडळाने तोवर पेणची वेस ओलांडली नव्हती.

तालीम बघायला कारखान्याचे मालक काका अधूनमधून येऊन बसत. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘एवढं घोटून घोटून काय करता? तिकडचं स्टेज पाहिलंय का?’’ आम्ही पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, ‘‘आम्ही पुष्कळ मूर्ती कच्च्याच पाठवतो. घडण इथं पक्की करायची. रंग आणि डोळ्यांची आखणी जिथली तिथं. इथं रंगवून पाठवली, तर वाटेत रंग खरवडतो.’’

बाहेरगावी नाटक कसं न्यावं, याचं सगळं शास्त्र त्या वाक्यात होतं. घडण घरी पक्की करायची आणि आखणी तिथल्या जागेसाठी राखून ठेवायची. मात्र घडणीत नेमकं काय काय धरायचं, हे कळायला आम्हाला रोह्याची एक रात्र काढावी लागली.

नाटक घेऊन हिंडणं मराठी माणसाला नवं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं आणि दहा वर्षांत त्यांची मंडळी मुंबईत जाऊन खेळ करू लागली. तळकोकणातले दशावतारी तर पेटारे घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जातात. १९५४ पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि हौशी मंडळींनाही परक्या रंगमंचावर उभं राहायची सवय लागली. पण व्यावसायिक कंपनीकडे स्वतःचे दिवे असतात, सेट लावणारे कामगार असतात, व्यवस्थापक असतो. हौशी मंडळात नायिका सकाळी शाळेत शिकवते, वकिलाचं काम करणारा खरोखर बँकेत कारकून असतो, आणि कविता लिहिणारा माझ्यासारखा माणूस प्रॉम्प्टर, हिशेबनीस आणि हमाल अशी तिन्ही कामं करतो.

आम्ही घेतलेलं नाटक होतं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं ते ‘रंगायन’साठी लिहिलं गेलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, आणि बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली. त्यांच्या आपसातल्या गप्पा ऐकता ऐकता त्यांना हे नाटक सुचलं. नाटकातही तसंच घडतं. मुंबईची मंडळी एका गावात खेळ करायला येते, रात्रीच्या प्रयोगाला अवकाश असतो, म्हणून वेळ घालवायला एक खोटा खटला उभा करते. आरोपी म्हणून गमतीत निवडतात ती त्यांच्यातलीच अविवाहित शिक्षिका, लीला बेणारे. गंमत बघता बघता खरी होते आणि सगळे मिळून तिच्या खासगी आयुष्याची चिरफाड करतात. बाहेरगावी गेलेल्या नाटकमंडळीचंच हे नाटक. आम्ही ते निवडलं होतं ते मात्र वेगळ्या हिशेबानं. पात्रं आठ, त्यांत बायका दोनच, आणि सेट म्हणजे एका हॉलच्या भिंती, खुर्च्या, टेबलं आणि एक दार.

‘तालीम’ हा शब्द मुळात अरबी. आमच्या घरात त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत आल्यावर तो आखाड्यात गेला आणि नाटकातही गेला. मला वाटतं, मराठीनं त्या शब्दाला योग्य जागी नेलं. तालमीत पाठांतर होतंच, पण मुख्यतः तिथं अंगाला शिकवायचं असतं. सुखात्मे कुठून उठतो, कितव्या पावलाला वळतो, हे अंगात मुरलं की डोकं इतर गोष्टींसाठी मोकळं राहतं. परक्या गावात ते मोकळं डोकं फार लागतं.

काकांच्या बोलण्यानंतर आमचे दिग्दर्शक सर आणि मी दिवा-रोहा गाडीनं जागा बघायला गेलो. कासू, नागोठणं करत रोहा. एका शाळेचा हॉल आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत मिळणार होता. बाहेरगावच्या प्रयोगाआधी अशी पाहणी केलीच पाहिजे आणि जाताना मोजपट्टी नेली पाहिजे. रंगमंच भरला बावीस फूट रुंद आणि चौदा फूट खोल. आम्ही शेडमध्ये तीस फुटांत वावरत होतो. परत आल्यावर सरांनी शेडच्या जमिनीवर खडूनं बावीस बाय चौदाचा चौकोन आखला. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांवर आदळले. आठ दिवसांत सवय झाली.

लांबी-रुंदी हा पाहणीचा पहिला भाग. पडद्यामागून डावीकडून उजवीकडे जायला वाट आहे का? नसेल, तर डावीकडून गेलेलं पात्र उजवीकडून परत कसं येणार? हॉलचं छप्पर कशाचं आहे? पत्र्याच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि नटाला वाटतं की आपण छान ऐकू जातोय. माणसं भरली की तीच माणसं आवाज शोषून घेतात. म्हणून रिकाम्या हॉलमधल्या तालमीवर विश्वास ठेवू नये. बायकांना कपडे बदलायला खोली आहे का, संडास किती लांब आहे, किल्ली कुणाकडे असते, हेही तिथंच विचारायचं. रोह्याला किल्ली शिपाईमामांकडे होती. त्या रात्री आम्हाला हॉलच्या मुख्याध्यापकांपेक्षा त्यांचीच ओळख जास्त उपयोगी पडली.

मग वीज. आमच्याकडे हजार वॉटचे सहा दिवे होते, म्हणजे सहा हजार वॉट. त्याला २३० व्होल्टनं भागलं की सव्वीस अँपिअर होतात. भिंतीवरचा साधा प्लग पाच किंवा पंधरा अँपिअरचा. त्यात हे सगळं लावलं की फ्यूज गेलाच. म्हणून वायरमन गाठून मुख्य बोर्डावरून वेगळी जोडणी घ्यावी लागते. त्या माणसाला प्रयोग संपेपर्यंत थांबवून घ्यावं आणि जेवू घालावं. कागदपत्रांचंही तसंच आहे. लेखकाची परवानगी आणि मानधन, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलीस ठाण्याला पत्र. हे सगळं एका फायलीत घालून ती फाईल एकाच माणसाच्या काखेत द्यावी.

या नाटकात दार फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीला बेणारेबाईंचं बोट कडीत चेमटतं. पुढं तीच कडी बाहेरून लागते आणि त्यांना बाहेर पडता येत नाही. आम्ही लाकडी चौकट, दार आणि कडी पेणहूनच टेंपोत घालून नेली. रोह्याला उभी केली, तर कडी बसेना. रंगमंचाला पुढच्या बाजूला हलका उतार होता आणि चौकट तेवढीच तिरकी झाली होती. काकांनी बरोबर दिलेल्या पिशवीत लाकडाच्या पाचरी होत्या. एक पाचर ठोकली आणि कडी बसली. तेव्हापासून आमच्या पेटीत पाचरी, खिळे, सुतळी, फ्यूजची तार, सेफ्टी पिना, खडू आणि मेणबत्त्या कायमच्या असतात.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी पोचायचं, दुपारपर्यंत सेट आणि दिवे लावायचे. नंतर सगळं नाटक करत बसायचं नाही. फक्त येणं-जाणं, दिवा बदलायच्या जागा आणि आवाजाच्या जागा तेवढ्या करून बघायच्या. मधले संवाद गाळायचे. आखणी म्हणतात ती हीच. इथं दोन पावलं कमी, तिथं आवाज थोडा वर, मागच्या रांगेतून कोण दिसत नाही ते बघून खुर्ची सरकवायची. संध्याकाळपर्यंत नटांचा गळा आणि जीव दोन्ही शिल्लक राहायला हवेत.

रमजानचे दिवस होते. सहाच्या सुमारास मी विंगेत खजूर आणि पाणी घेऊन बसलो, तर मंडळी माझ्याभोवती येऊन बसली. कुणीतरी पेणचे पोहे परतून आणले होते. सात वाजता तिसरी घंटा झाली.

पहिला अंक चांगला गेला. शेवटच्या अंकात खटला रंगात आला आणि वीज गेली. आमची मेणबत्तीची तयारी हॉलपुढं काहीच नव्हती. शिपाईमामा सायकल काढून गेले आणि मंडपवाल्याकडून दोन पेट्रोमॅक्स घेऊन आले. यात पाऊण तास गेला. थोडे लोक उठून गेले, पुष्कळसे बसून राहिले. आता बेणारेबाईंचं शेवटचं लांब स्वगत. तेव्हा बाकीची पात्रं निश्चल होतात आणि प्रकाश बदलतो. पेट्रोमॅक्सचा प्रकाश बदलणार कसा? सरांनी खूण केली. मामांनी एक बत्ती उचलली आणि विंगेच्या आड नेली. अर्धा रंगमंच काळोखात गेला. बत्तीच्या फुसफुसण्यात बाईंचा आवाज बुडू लागला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘मोठ्यानं!’’ बाईंनी आवाज चढवला नाही. त्या चार पावलं पुढं आल्या, अगदी रंगमंचाच्या कडेला, आणि तिथून बोलल्या. पुढं ओरडावं लागलं नाही. तालमीत ती चार पावलं कुणी बसवली नव्हती. उरलेलं सगळं पक्कं होतं, म्हणून त्यांना ती सुचली.

इथं थांबलो असतो, तर ही गोष्ट छान संपली असती. पण नाटक संपेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. परतीची गाडी गेली होती, एसटीही नव्हती. टेंपोत सेट आणि त्यावर पुरुष मंडळी कशीबशी मावली असती. दोघी बायकांचं काय? काशीकरबाई झालेल्या वहिनींचे यजमान आमच्यातच होते. पण बेणारेबाई झालेल्या आमच्या बाई खरोखरच अविवाहित आणि खरोखरच शिक्षिका. वडिलांना त्या दहापर्यंत घरी येते म्हणून सांगून आल्या होत्या. सेट सोडवता सोडवता कुणीतरी म्हणालं, ‘‘आता बाईंचा मुक्काम कुठं?’’ आणि दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण तासाभरापूर्वी रंगमंचावर तेच लोक तसंच हसले होते, आणि ते हसणं आम्ही दीड महिना घोटून घेतलं होतं. मीही हसलो होतो का, ते आठवायला मला आवडत नाही. बाई काही बोलल्या नाहीत. रंग पुसत राहिल्या.

सरांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, ‘‘आधी मुक्काम ठरू दे. सेट नंतर.’’ माझी खाला रोह्याला राहायची. रात्री अकराला मी तिचं दार वाजवलं. खालानं एकही प्रश्न न विचारता दोघींचं अंथरूण आपल्या खोलीत घातलं. पीसीओ बंद होता. तिनं शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या फोनवरून बाईंच्या वडिलांना स्वतः सांगितलं, ‘‘तुमची मुलगी माझ्याकडे आहे. सकाळच्या गाडीनं पाठवते.’’ पहाटे सहरीला भांडी वाजली तशा बाई उठल्या आणि आमच्याबरोबर भाकरी खाऊन घेतली. सकाळी पेण स्टेशनवर त्यांचे वडील उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘प्रयोग कसा झाला?’’

बाई पुढं तीन वर्षं आमच्याबरोबर काम करत होत्या. त्या रात्री मुक्काम नीट ठरला नसता, तर बहुधा तो त्यांचा शेवटचा प्रयोग ठरला असता. लहान गावांत बायका नाटक सोडतात त्याचं खापर आपण घरच्यांवर फोडतो. पुष्कळदा चूक मंडळाची असते. आम्ही कडीसाठी पाचरी नेल्या होत्या, सव्वीस अँपिअरचा हिशेब केला होता. बरोबरची माणसं रात्री घरी कशी पोचतील, याचा हिशेब मात्र केला नव्हता. तोही घडणीचाच भाग आहे. तो तिथं गेल्यावर आखायचा नसतो.

आजही कुठल्या शाळेची किंवा मंडळाची मुलं बाहेरगावी नाटक घेऊन निघाली की मला विचारायला येतात. मी त्यांना मोजपट्टी देतो, विजेचं गणित शिकवतो, पाचरींची पिशवी दाखवतो. आणि आमची संहिता उघडतो. तिच्या पहिल्या पानावर, पात्रपरिचयाच्याही वर, सरांच्या अक्षरात दोन ओळी आहेत: परतीची गाडी किती वाजता? चुकली तर मुक्काम कुणाकडे? ही उत्तरं लिहिल्याशिवाय तारीख घ्यायची नाही, हा आमचा नियम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)