हिंगोलीत भूगोल कुणी घ्यावा?

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यात एक ठरलेली वाटणी सुरू होते. मार्क चांगले असतील तर सायन्स, ऐपत असेल तर लातूर-नांदेडचे क्लास. मार्क बेताचे असतील तर आर्ट्स. भूगोल या वाटणीत सहसा कुणी निवडत नाही, तो आर्ट्ससोबत पदरात पडतो. मग गाईड आणून प्रश्नोत्तरे पाठ केली की भागते, हा समजही पक्का होतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अकरावी-बारावीला भूगोल हुशार मुलामुलींनी मुद्दाम घ्यावा, सायन्सवाल्यांनीसुद्धा. या जिल्ह्यापुढचे मोठे प्रश्न एकट्या भौतिकशास्त्राचे नाहीत आणि एकट्या अर्थशास्त्राचेही नाहीत. त्या वयात दोन्हींची सांगड घालून देणारा दुसरा विषय वेळापत्रकात सापडत नाही.

भूकंपाचेच घ्या. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि काही मिनिटांतच ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५. अशा वेळी मराठवाड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येते, ते किल्लारीचे. तीव्रतेच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सहाच्या पुढचा किल्लारीचा भूकंप आणि हा धक्का यांतले शेकडो पटींचे अंतर लगेच उमगते. पण म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. तिथे माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद कोसळून. मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितले. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड भूकंपात डोक्यात पडतो. तीव्रतेचे गणित भौतिकशास्त्र सांगेल, पण तो दगड तिथे का आला, पक्के छत कुणाला परवडत नाही आणि उन्हाळी वावटळीच्या गावात त्याऐवजी काय करावे, हे विचारायला भूगोलच लागतो. अकरावीच्या अभ्यासक्रमात भू-हालचाली आणि आपत्ती व्यवस्थापन एकाच पुस्तकात आहेत. आपल्याकडे ते दोन सुटे धडे म्हणून पाठ केले जातात, हा दोष विषयाचा नव्हे.

गंमत अशी, की याच जिल्ह्याची निवड शांत जमीन म्हणून झाली आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार असून केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्याही इतक्या सरळ, की पृथ्वीचा बाक आडवा येतो. एवढ्या अंतरात जमीन सरळ रेषेपासून मीटरभराहून अधिक खाली जाते. त्यासाठी सपाट जागा हवी. शिवाय समुद्राच्या लाटा, मोठे कारखाने आणि वाहतुकीचा गोंगाट यांपासून दूर. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेतच. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे ठरवायला त्यांच्यापासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या भागात आणखी एक लागते. म्हणजे प्रयोग भौतिकशास्त्राचा असला, तरी तो कुठे करायचा हा प्रश्न भूगोलाचा. आता त्याच तालुक्याच्या आसपास धक्के जाणवू लागल्यावर लोकांनी वेधशाळेविषयी शंका विचारणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ एवढ्यात संपत नाही. दूरचा मोठा भूकंप, जवळचा छोटा धक्का आणि जमिनीची रोजची थरथर या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे समजणारे चार जण तरी गावात असावेत.

पाण्याचा प्रश्न याहून जुना. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगा, मधून तिला मिळायला जाणारी कयाधू, दक्षिणेकडे पूर्णा. पूर्णेच्या बाजूला पडलेला पाऊस परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळतो. कयाधूकडे वाहिलेला पाऊस पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा लांबचा फेरा घेत पार सिरोंच्यापाशी गोदावरीत पडतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो तालुक्यांच्या हद्दींवरून. पाणी त्या हद्दी पाळत नाही. सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात, पण पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी वसमतचा भाग भिजतो, आणि आठ-नऊ महिने शेतात राहणारी, हिवाळ्यातही पाणी मागणारी हळद तिथे पिकते. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. सेनगावच्या माळावर मात्र बरेचसे सोयाबीन आणि तूर पावसाच्या भरवशावर. कयाधूचे पाणी ईसापूर धरणाकडे वळवण्याच्या प्रस्तावाला हिंगोलीत विरोध झाला, तो योग्य की अयोग्य हे इथे ठरवायचे नाही. पण समोच्च रेषा वाचता न येणाऱ्याला त्या भांडणात घोषणा देण्यापलीकडे काही करता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. असा नकाशा वाचायला शिकवणे हे याच विषयाच्या प्रात्यक्षिकाचे काम.

नोकरीचे काय, असे कुणी म्हणेल. नुसत्या भूगोलाच्या बीएला नोकरी मिळत नाही हे खरेच, पण नुसत्या बीएस्सीलाही ती कुठे मिळते? फरक पुढच्या कौशल्याने पडतो. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भू-माहिती वापरण्यावरची बंधने सैल केली, २०२२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय धोरण आणले. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. या कामांना जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) येणारी माणसे लागतात, आणि जीआयएसला गणितही लागते. म्हणून सायन्स घेऊन भूगोल घेणारा मुलगा माझ्या मते सर्वांत फायद्यात. राज्य मंडळाच्या नियमांत ती सोय आहे, कॉलेजांत मात्र क्वचित. नीट देणाऱ्यांना ती परवडणार नाही, त्यांनी जीवशास्त्रच घ्यावे. स्पर्धा परीक्षांचा मुद्दा मी मुद्दाम पुढे करत नाही. राज्यसेवेत भूगोल येतो म्हणून तो घेणारे पुन्हा गाईडकडेच वळतात. राहिला मोबाइलमधला नकाशा. तो औंढ्याला जायचा रस्ता दाखवतो, रस्ता डोंगराला वळसा घालून का गेला ते सांगत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. अनेक ठिकाणी भूगोलाचे प्रात्यक्षिक म्हणजे मागच्या वर्षीची वही उतरवून काढणे. अशा वर्गात हा विषय घेऊन काही साधणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तेव्हा प्रवेशाच्या वेळी पालकांनी कॉलेजात फी आणि निकालाच्या टक्केवारीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या तालुक्याचा स्थलनिर्देशक नकाशा इथे आहे का, आणि मुलांना वर्षातून एकदा तरी शिवारात नेता का?