पेट्रोलच्या टाकीतील साबण

बोनकोड्याच्या गावठाणातून कोपरखैरण्याच्या स्टेशनपर्यंत स्कूटरने जायला काही मिनिटे पुरतात. आमच्या जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या स्कूटरला रोज एवढेच काम असे. एका पावसाळ्यात ती दोन महिने उभीच राहिली. नंतर बाहेर काढली तेव्हा किक मारून मारून पाय भरून आला. कशीबशी चालू झाली, पण चोक बंद केला की स्कूटरही बंद. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘काका, टाकीत क्लीनरची एक बाटली ओता, सगळं साफ होऊन जाईल.’ आम्ही ओतली. काही फरक पडला नाही. शेवटी गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर उघडला, त्यातील बारीक जेट उजेडासमोर धरले आणि म्हणाला, ‘बघा साहेब, पलीकडचं दिसतंय का?’ भोक पिवळसर चिकट थराने बुजले होते. जेट साफ होताच स्कूटर सुरू झाली.

मग बाटलीतील द्रव निव्वळ फसवणूक होती काय? तसेही नाही. हा थर कसा तयार होतो आणि क्लीनर त्याच्यावर कसे काम करतो, हे पाहिले म्हणजे उत्तर आपोआप मिळते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. साधारणपणे 4 ते 12 कार्बन अणू असलेल्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. माहुलसारख्या ठिकाणच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत मोठे रेणू तोडून लहान केले जातात. या भंजनातून काही असंतृप्त, म्हणजे द्विबंध असलेले रेणू तयार होतात. हवेतील ऑक्सिजन आणि उष्णता मिळाली की हे रेणू एकमेकांशी जोडले जातात व त्यांचा डिंकासारखा पदार्थ बनतो. उभ्या गाडीत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि हा डिंक मागे राहतो.

वर्गात पेट्रोल मुळीच आणू नये. त्याऐवजी जवसाचे तेल आणि खोबरेल तेल घ्यावे. दोन काचपट्ट्यांवर त्यांचा पातळ थर द्यावा आणि पट्ट्या आठ-पंधरा दिवस उघड्या ठेवाव्यात. जवसाच्या तेलाचा थर चिकट होऊन हळूहळू सुकतो. खोबरेल तसेच ओलसर राहते. जवसाच्या तेलात द्विबंध पुष्कळ, खोबरेलात फारच थोडे, हेच त्याचे कारण. स्वयंपाकघरात शेगडीमागच्या भिंतीवर जमणारा चिकट थरही याच जातीचा.

आता चालत्या गाडीकडे वळू. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता काही वेळ तशीच राहते, पण पेट्रोलचा थंड प्रवाह मात्र थांबलेला असतो. इंजेक्टरच्या टोकाशी उरलेला पेट्रोलचा थेंब तापतो, हलका भाग उडतो, जड भागाचा थर बसतो. वारंवार थोडे अंतर जाऊन थांबणाऱ्या गाडीत हे पुन्हा पुन्हा घडते. इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक असल्याने थोडा थरही फवारा बिघडवतो. मग गाडी मिसिंग मारते, पिकअप कमी होतो, पेट्रोल जास्त लागते आणि धुरातून न जळलेले इंधन बाहेर पडते. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमध्येही कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी इंजेक्टरने घेतली. म्हणून हा प्रश्न आता फक्त मोटारवाल्यांचा राहिलेला नाही.

चांगल्या क्लीनरमध्ये पॉलीइथरअमाइन किंवा पॉलीआयसोब्युटिलीनअमाइन यांसारखे रेणू असतात. त्यांची रचना साबणाची आठवण करून देते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरे तेलात. येथे लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळते, तर नायट्रोजन असलेले डोके थराला व धातूच्या पृष्ठभागाला चिकटते. असे रेणू थराचे कण सुटे करतात आणि नवा थर बसू देत नाहीत. अमेरिकेत 1 जानेवारी 1995 पासून सर्व पेट्रोलमध्ये असे अपमार्जक घालणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी 1 एप्रिलला आपल्याकडे चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या महाग पेट्रोलांतही अपमार्जके घातलेली असतात. मात्र ऑक्टेन अंक आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टेन अंक वाढला म्हणजे सफाई होते, असे नाही.

यावरून क्लीनरची मर्यादाही कळते. जिथे पेट्रोल पोहोचते तिथेच तो पोहोचतो. आमच्या जेटमधून पेट्रोलच जात नव्हते, मग क्लीनर कसा जाणार? काही नव्या मोटारींत पेट्रोल थेट ज्वलनकक्षात फवारले जाते. तिथे आत येणाऱ्या हवेच्या झडपांना पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, तेव्हा टाकीत ओतलेला क्लीनर त्या झडपा धुऊ शकत नाही. टाकीतले पाणी, गंज, खराब प्लग किंवा तुंबलेला एअर फिल्टर हे दोषही बाटलीने जात नाहीत. 2025 सालापर्यंत आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल स्वतःच चांगला द्रावक असल्याने जुन्या टाकीतील घाण सुटून फिल्टरमध्ये अडकू शकते. तिथे उपाय फिल्टर बदलण्याचा आहे.

प्रमाणाकडेही लक्ष हवे. समजा, 300 मिलिलिटरची बाटली 60 लिटर पेट्रोलसाठी आहे. हे प्रमाण अर्धा टक्का झाले. स्कूटरच्या 5 लिटर टाकीला त्यातले 25 मिलिलिटर पुरे. सगळी बाटली ओतली तर प्रमाण बारापट होईल. शिवाय लोह किंवा मँगनीजची संयुगे असलेली मिश्रणे टाळावीत. त्यांचे अवशेष प्लगवर आणि धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकावर बसतात.

मग वापरावे की नाही? गाडी नीट चालत असेल, रोज पुरेशी फिरत असेल आणि विश्वासाच्या पंपावर पेट्रोल भरत असाल, तर गरज नाही. गाडी जुनी असेल, थोड्याच अंतराच्या फेऱ्या करत असेल आणि पिकअप हळूहळू कमी झाला असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत मनाई नाही ना, हे पाहून एकदा वापरून बघायला हरकत नाही. गाडी अचानक बंद पडू लागली, तर मात्र आधी गॅरेज गाठावे.

‘बाटली टाकली आणि ॲव्हरेज वाढले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारावे की, त्याच आठवड्यात चाकांत हवा भरली होती काय? रस्ता तोच होता काय? खात्री करायची तर क्लीनर घालण्यापूर्वी तीन वेळा आणि नंतर तीन वेळा टाकी काठोकाठ भरून, त्याच रस्त्यावर, दर लिटरला किती किलोमीटर मिळाले ते लिहून ठेवावे. आधीच्या तीन आकड्यांत आपापसांत जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक नंतरही दिसला, तर तो बाटलीचा गुण म्हणता येणार नाही. विद्यार्थ्यांकडून घरच्या गाडीची अशी वही ठेवून घ्यावी. क्लीनर लागो न लागो, ही वही ठेवण्याची सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडेल. आम्हीही आता ती ठेवतो; आणि स्कूटर पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा चालवतो.