छत्तीस फोटोंची सवय आणि नवा कॅमेरा

संयोजकांनी आत्ता माझी ओळख 'ज्येष्ठ छायाचित्रकार' अशी करून दिली. ज्येष्ठ आहे, वय ६८ आहे, त्याबद्दल वाद नाही. छायाचित्रकार मात्र हौशी. आठवडाभर नोकरी आणि रविवारी कॅमेरा, असं माझं आयुष्य गेलं. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचं भाषण नाही. तीस वर्षं फिल्मवर हात बसलेला माणूस नव्या मिररलेस कॅमेऱ्यासमोर कुठे कुठे अडखळला, आणि का अडखळला, एवढंच सांगणार आहे. समोर बरेच पांढरे केस दिसताहेत, म्हणजे काहीजण त्याच वाटेवर असणार. (हशा)

माझ्याकडे निकॉनचा एफएम२ होता. म्हणजे आहे. १९८६ साली सेकंडहँड घेतला. त्यात बॅटरी फक्त मीटरला लागते. बॅटरी संपली तरी शटर चालतं. आत बघितलं की उजवीकडे तीन लाल खुणा, अधिक, गोल आणि उणे. गोल पेटला की एक्स्पोजर बरोबर. मधोमध एक छोटं वर्तुळ, त्याचे दोन अर्धे भाग. फोकस चुकला असेल तर उभी रेघ मध्येच तुटलेली दिसते, बरोबर झाला की जुळते. बस्स. एवढ्यावर मी संसार केला.

मग तो सोडला का? तर डोळ्यांमुळे. साठीनंतर ती रेघ मला जुळलेली दिसायची आणि रोल धुऊन आला की कळायचं, ती जुळली नव्हती. एक रोल, दोन रोल, चार रोल. भाचीच्या मुलाच्या बारशाचे ३६ पैकी अकरा फोटो धड आले. त्या दिवशी मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि जवळजवळ वर्षभर काढलाच नाही. घरी सांगितलं, रोल फार महाग झालेत. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, तुम्ही आता मिररलेस घ्या, फोकस तोच करतो." मला ते थोडं लागलं. पण घेतला.

आता पहिली फजिती सांगतो. नवा कॅमेरा घेऊन मी वारीला गेलो. दिवे घाट. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना हा घाट चढते, आणि त्या वळणांवर पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं, खाली हिरवं-काळं डोंगर-उतार, वर आभाळ भरून आलेलं. फिल्मवर मी काय करायचो? निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त प्रकाश दिला तर ती रागावत नाही, उलट सावल्यांमध्ये जीव येतो. म्हणून २०० चा रोल असला तरी मीटरवर मी १०० लावायचो, म्हणजे एक स्टॉप जास्त. ही सवय हातात इतकी मुरलेली, की नव्या कॅमेऱ्यावरही मी तेच केलं. घरी येऊन बघतो तर टोप्या नाहीत. डोकी आहेत, मृदंग आहेत, टोप्यांच्या जागी नुसते पांढरे डाग. घडी नाही, शिवण नाही, मळ नाही. वारकऱ्याच्या टोपीवरचा घामाचा मळसुद्धा फोटोत यायला हवा ना?

हे का होतं, ते नीट समजून घेऊ. कारण फिल्मवाल्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पावसात अंगणभर बादल्या मांडून ठेवल्यात असं समजा. सेन्सरवर अशा लाखो बारीक बादल्या असतात, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. प्रकाश म्हणजे पाऊस. पाऊस थांबल्यावर आपण प्रत्येक बादलीत किती पाणी आहे ते मोजतो. आता एखादी बादली भरून वाहिली, तर तिच्यावर थोडाच जास्त पाऊस पडला की दुप्पट, ते कळायला मार्ग नाही. ती फक्त 'भरलेली' आहे. टोपीच्या घडीवरचा आणि टोपीच्या माथ्यावरचा प्रकाश वेगळा होता, पण दोन्ही बादल्या भरल्या, फरक गेला. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. उलट ज्या बादलीत तळाशी थोडंसंच पाणी आहे, ते मोजता येतं. मोजमाप जरा कच्चं असतं, त्यालाच आपण फोटोतला नॉइज म्हणतो, पण काहीतरी हाताला लागतं.

निगेटिव्ह फिल्मचं बरोबर उलटं. तिथे जास्तीचा प्रकाश हळूहळू मावत जातो, एकदम काठ लागत नाही. आणि सावलीत प्रकाश पोचलाच नाही तर ती जागा कोरी राहते. म्हणून फिल्मवर आपण सावल्या सांभाळायच्या, आणि डिजिटलवर उजेड सांभाळायचा. तुमच्यापैकी ज्यांनी स्लाइड फिल्म वापरली असेल, त्यांना हे नवं वाटणार नाही. स्लाइडही जास्त प्रकाशाला अशीच खडूस होती.

मग काय, कायम कमी प्रकाश द्यायचा? नाही, आणि इथे पुन्हा एक गोंधळ आहे. मीटर जे बघतो ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, अठरा टक्के प्रकाश परत फेकणारा करडा. ही गोष्ट जुन्या मीटरलाही लागू होती. चौकटभर नुसती पांढरी धोतरं असतील, तर मीटर त्यांना करडं करायला बघेल. तिथे एक स्टॉप वाढवावा लागतो. पण चौकटीत काळा डोंगर जास्त आणि टोप्या चिमूटभर असतील, तर मीटर डोंगराला उजळायला जाईल आणि टोप्या जाळून टाकेल. तिथे एक स्टॉप कमी करायचा. म्हणजे रंग तोच पांढरा, पण निर्णय उलटा. हे कॅमेरा तुमच्यासाठी पूर्णपणे ठरवू शकत नाही, कारण तुम्हाला टोपी हवी आहे की डोंगर, हे त्याला माहीत नाही. तीस वर्षांचा अनुभव इथे कामाला येतो, वाया जात नाही.

नव्या कॅमेऱ्याने मदत मात्र भरपूर दिली आहे. एक म्हणजे जळालेल्या जागा लुकलुकून दाखवणारी सोय. ती मी सुरू केली आणि अर्धी चिंता गेली. दुसरा हिस्टोग्राम, तो डोंगरासारखा आलेख. डोंगर उजव्या भिंतीला टेकून चढायला लागला, की बादल्या भरल्या असं समजा. मागच्या पडद्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवू नका. अंधाऱ्या देवळात पडदा झगझगीत दिसतो आणि वाटतं, वा, काय उजेड आलाय. घरी संगणकावर काळोख. तिसरं, डोळा लावल्यावर आत जे दिसतं ते जग नाही, तो होऊ घातलेला फोटो आहे. एफएम२ मधून मला समोरचा माणूस दिसायचा, यातून त्याचा फोटोच दिसतो. सुरुवातीला मला हे टीव्ही बघितल्यासारखं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

आता आयएसओ. रोल एकदा घातला की ३६ फोटो संपेपर्यंत तो ४०० तर ४००. आपल्या डोक्यात तो आकडा दगडावर कोरलेला. नवा कॅमेरा घेतल्यावर पहिले काही महिने मी आयएसओला हातच लावला नाही, सवयीने ४०० वर. संध्याकाळी घरात फोटो काढतोय, शटर पंधरांश सेकंदावर उतरलंय, नातवंडं हललेली. भाच्याने विचारलं, "मामा, आयएसओ का वाढवत नाही?" मी म्हटलं, दाणे येतील. तो म्हणाला, "येऊ देत की!" आणि त्याचं बरोबर होतं. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. तो शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवतात. आयएसओ फक्त मिळालेला संकेत मोठा करतो. दाणे थोडेफार नंतर कमी करता येतात. हललेलं पोर स्थिर करता येत नाही. आज मी शटर १/२५०, अ‍ॅपर्चर ५.६ असं हाताने ठेवतो आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतो, कमाल ६४०० असं बजावून. तेवढी मोकळीक त्याला द्यायला हरकत नाही.

इथे एक सावधगिरी. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर झेलतं, आणि माझ्या वयात ते वरदान आहे. पण पळणारं मूल ते थांबवत नाही. त्याला वेगवान शटरच लागतं.

फोकसबद्दल भाचा म्हणाला होता, तोच करतो. करतो खरा, पण कशावर? पहिल्या दिवसापासून मी सगळं त्याच्यावर सोपवलं, तर आरतीच्या फोटोत निरांजन सुस्पष्ट आणि आईचा चेहरा धूसर. डोळा ओळखून त्यावर फोकस ठेवायची सोय सुरू केली, तर पालखीच्या गर्दीत तिने एका म्हाताऱ्या वारकऱ्याला सोडून मागच्या फ्लेक्सवरच्या कुठल्याशा दादांचा डोळा पकडला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स होता. (मोठा हशा) आता मी दोन गोष्टी केल्यात. फोकसची चौकट छोटी केली आणि ती कुठे ठेवायची ते मी ठरवतो. आणि फोकसचं बटण शटरपासून वेगळं करून मागे, अंगठ्याखाली घेतलं. अंगठ्याने फोकस, बोटाने फोटो. एफएम२ वरही डावा हात फोकस करायचा आणि उजवं बोट फोटो काढायचं. कामाची तीच वाटणी परत मिळाली, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून कॅमेरा माझा वाटायला लागला.

मेनूबद्दल फार बोलत नाही. त्यातल्या बहुतेक गोष्टींना मी कधी हात लावलेला नाही आणि काही बिघडलेलं नाही.

एक अडचण मात्र सांगायलाच हवी, कारण नाटकाचे फोटो काढणारे इथे असतील. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. नाट्यगृहात उत्तम, असं वाटून मी ते वापरलं आणि फोटोत आडवे पट्टे आले. मला वाटलं सेन्सर गेला. झालं असं, की हे शटर सेन्सरच्या ओळी एकदम वाचत नाही, वरून खाली एकामागून एक वाचतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही मंद क्षणी. उपाय म्हणजे साधं यांत्रिक शटर घ्या आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे लुकलुकीचा पूर्ण फेरा आत येतो. काही एलईडी दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे प्रयोगाआधी दोन-चार फोटो काढून बघण्याला पर्याय नाही.

आता संख्या. फिल्मच्या काळात वारीला पाच रोल न्यायचो, १८० फोटो. नव्या कॅमेऱ्यावर पहिल्याच दिवशी २,१४० झाले. म्हणजे साठ रोल! खर्च शून्य, असं म्हणत होतो. मग निवडायला बसलो. एकाच क्षणाचे चौदा फोटो, चौदाही जवळजवळ सारखे. आठ दिवस रात्री बसून डोळे लाल झाले आणि शेवटी ठेवले किती? बावीस.

आणि हे ठेवलेले फोटो कुठे राहतात, याबद्दल एक गोष्ट सांगतो, मग थांबतो. आमच्या रविवारच्या भटकंतीत एक मित्र होता. तो गेला. घरच्यांनी माझ्याकडे त्याचा फोटो मागितला, कारण दर रविवारी मीच त्याचे फोटो काढायचो. मी निर्धास्त. आणि हार्ड डिस्क लावली तर ती नुसती टकटक करायला लागली. दोन वर्षांचं सगळं एका डिस्कवर, दुसरी प्रत नाही. दुरुस्तीला दिली, काही निघालं नाही. १९८९ सालच्या निगेटिव्ह माझ्या कपाटात बटर पेपरच्या पाकिटात अजून आहेत, उजेडासमोर धरल्या की माणूस दिसतो. आणि दोन वर्षांपूर्वीचा मित्र नाही. शेवटी त्याच्याच घरी, फ्रीजच्या दाराला चुंबकाने लावलेला एक पोस्टकार्ड साइजचा प्रिंट सापडला, मीच त्याला दिलेला. तोच मोठा करून लावला. जवळून बघितलं तर त्याच्यावर हळदीचं बोट उमटलेलं आहे.

तेव्हापासून माझ्याकडे तीन प्रती असतात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी भाच्याच्या घरी. दर दिवाळीला वर्षातले पन्नास फोटो प्रिंट करतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला चालतात का?)

चालतात, हा फार चांगला प्रश्न आहे. अ‍ॅडॉप्टर लागतो. फोकस हाताने करायचा, आणि लेन्सची फोकल लेंग्थ कॅमेऱ्याला मेनूत सांगून ठेवायची, म्हणजे स्टॅबिलायझेशन नीट काम करतं. सुस्पष्ट भागाच्या कडा कॅमेरा रंगाने दाखवतो, आणि बटण दाबलं की मधला तुकडा कितीतरी पट मोठा दिसतो. त्यात मला रेघ दिसते. आणि व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारकं चाक असतं, आपल्या चष्म्याच्या नंबरासाठी. त्याच्याकडे मी चार महिने लक्षच दिलं नव्हतं! तुमची लेन्स आणली आहे का? निकॉनची? मग या इकडे. अ‍ॅडॉप्टर माझ्या पिशवीत आहे, चहा होईपर्यंत लावून बघू.