जननपेशींचे माहेर

अंडाशय आणि वृषण म्हणजे जननपेशींचे जन्मस्थान, अशी सर्वसाधारण समजूत असते. भ्रूणशास्त्र मात्र निराळेच सांगते. जननग्रंथी हे या पेशींचे माहेर नव्हे, सासर आहे.

मानवी भ्रूणात निषेचनानंतर तीन-चार आठवड्यांनी आद्य जननपेशी पीतककोशाच्या भिंतीत आढळतात. तेव्हा जननग्रंथींचा मागमूसही नसतो. पुढे पश्चांत्राच्या भिंतीतून व आंत्रबंधातून वाटचाल करीत त्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात नियोजित स्थळी पोहोचतात. वाटेत भरकटलेल्या बहुतेक पेशी मरतात. ज्या तगून राहतात त्यांच्यापासून माकडहाड, छातीचा मध्यभाग वा मेंदूतील पिनिअल ग्रंथी येथील जननपेशी-अर्बुदे उद्भवत असावीत, असे मानले जाते.

या पेशींची निवड कशी होते, हे प्रथम उंदरात उलगडले. सुमारे सहाव्या दिवशी शेजारच्या भ्रूणबाह्य थराकडून बीएमपी-४ या प्रथिनाचा संकेत येतो. त्यामुळे मोजक्या पेशींत ब्लिम्प-१ हे जनुक जागृत होऊन देहपेशी होण्याची त्यांची वाट बंद होते. आरंभी चाळीसेक असणाऱ्या या पेशी आठवडाभरात सुमारे २५,००० होतात. मानवात सॉक्स-१७ या जनुकाची भूमिका निर्णायक असल्याचे केंब्रिजच्या अझीम सुरानी यांच्या गटाने २०१५ साली दाखविले. उंदराचे सारे नियम मानवाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा त्यातील धडा.

प्रवासाच्या काळात डीएनएवरील मागील पिढीच्या मिथाइल-खुणा बहुतांशी पुसल्या जातात. पाटी कोरी होते आणि पुढे लिंगानुसार नव्याने लिहिली जाते.

स्त्रीगर्भात विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लक्ष बीजपेशी असतात; जन्मवेळी १० ते २० लक्ष उरतात. म्हणजे आपण ज्या बीजापासून घडलो, ते आपली आई आजीच्या उदरात असतानाच तयार झाले होते! हा साठा पुन्हा भरून निघत नाही, असेच आजवरचे बहुतांश पुरावे सांगतात. म्हणून कर्करोगग्रस्त बालिकेवर रसायनोपचार सुरू करण्यापूर्वी तिच्या भावी मातृत्वाविषयी पालकांशी बोलणे, हे आपणां वैद्यकांचे कर्तव्य ठरते.

वन्यजीवांच्या बाबतीतही वंशाचा धागा हाच. आपल्या हैदराबादेतील सीसीएमबीच्या ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळेत २००६ साली कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्मले, ते याच जाणिवेतून. देह एका पिढीपुरता असतो. जननपेशींची परंपरा मात्र अखंड चालते. तिची राखण करणे आपल्या हाती आहे.