बिबळ्याचा पेला आणि रक्तांतील साखर

सह्याद्रीच्या उतारावर ज्यांचीं मालकी रानें आहेत त्यांस बिबळा सांगावयास नको. घरास, गाडीस व औतांस त्याचें लांकूड उत्तम. त्याच्याच गाभ्याचा पेला करून त्यांत रात्रभर पाणी ठेवावें व तें निळसर झांक आलेलें पाणी मधुमेह्यानें सकाळीं प्यावें, अशी चाल पूर्वापार आहे. वैद्यकांत यासच विजयसार म्हणतात.

या पेल्याविषयीं लिहिण्यास कारण घरचेंच आहे. माझे थोरले बंधू सात वर्षें मधुमेहाच्या गोळ्या घेत असत. बाजारांतील एका विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून मींच त्यांस पेला आणून दिला. त्यांनीं गोळ्या सोडल्या. तीन महिन्यांनीं पायाच्या बोटास ठेंच लागली, ती भरून येईना. तपासलें तों उपाशीपोटीं साखर ३१० निघाली. अखेर बोट काढावें लागलें. महसूल खात्यांत तीस वर्षें पुराव्यावांचून एक नोंद मीं मंजुरीस पाठविली नाहीं. घरीं मात्र ती संवय कामास आली नाहीं.

वनस्पति गुणकारी आहे असें कोणी सांगणें हा केवळ अर्ज होय. चौकशी पुढेंच असते. प्रथम पाण्यांत किंवा मद्यार्कांत अर्क काढितात. ॲलॉक्झनसारख्या द्रव्यानें उंदरांच्या स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून त्यांस मधुमेह जडवितात. कांहींस अर्क देतात, कांहींस देत नाहींत, व दोहोंची साखर ताडून पाहतात. फरक दिसल्यास अर्काचे भाग पाडून गुण कोणत्या भागांत आहे तें शोधितात, विषारीपणा पाहतात, व मगच माणसांकडे वळतात.

बिबळ्याची अशी चौकशी झालेली आहे. त्याच्या सालींतील एपिकॅटेचिन या द्रव्यानें मेलेल्या पेशी पुनः उत्पन्न होतात, असें १९८० च्या सुमारास भारतीय संशोधकांस आढळलें. पुढें इतरांनीं तोच प्रयोग केला, तेव्हां तसें दिसून आलें नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें नव्यानें सौम्य मधुमेह झालेल्या रोग्यांस विजयसाराचा अर्क देऊन पाहिला. त्याचा निकाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. ९७ पैकीं ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत ताब्यांत आली. निकाल आशादायक खरा. तथापि अर्क न घेणाऱ्यांची तुलनेची तुकडी त्यांत नव्हती. खत घातलेल्या वाफ्याशेजारीं बिनखताचा वाफा नसेल, तर वाढ खताची कीं पावसाची, हें कसें ठरावें? शिवाय तो मापून दिलेला अर्क होता. पेल्यांतील पाण्यांत किती अंश उतरतो तें लांकडाच्या वयावर व पेल्याच्या जुनेपणावर अवलंबून.

म्हणून वनस्पति टाकाऊ, असें मात्र कोणीं समजूं नये. युरोपांत गॅलेगा नांवाचें एक शेंगवर्गीय झाड आहे. त्यांतील गॅलेजीन हें द्रव्य साखर उतरवितें. पण मेंढ्या तें झाड खाऊन दगावतात. त्याच जातीचें परंतु निर्धोक असें मेटफॉर्मिन १९२२ सालीं प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि १९५७ सालीं पॅरिसचे डॉ. झां स्टर्न यांनीं तें मधुमेह्यांवर वापरल्याचें प्रसिद्ध केलें. आज जगभर मधुमेह्यांस प्रथम बहुधा हेंच औषध देतात. रानांतील झाड आणि दवाखान्यांतील गोळी यांमध्यें एवढी वाट आहे.

यावरून बंधूंनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. चालू गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनानें सोडूं नये. पेला, कारलें, जांभूळबी यांपैकीं कांहीं घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवूं नये; कारण दोहोंच्या मिळणीनें साखर एकाएकीं फार उतरण्याचाही धोका असतो. आणि पेल्यांच्या व्यापाऱ्यास बांधावरील बिबळा विकण्यापूर्वीं, तो गाभा भरण्यास किती वर्षें लागलीं याचा विचार करावा.

बंधू आतां पुनः नियमानें गोळ्या घेतात. पेला देवळींत उपडा ठेविलेला आहे. तो टाकूं नकोस, असें त्यांनींच मला सांगितलें आहे.