शिंपल्यांनी माणूस घडवला का?

“माणूस कालवं-शिंपले खायला लागला आणि त्याचा मेंदू वाढला.” मासे का खावेत हे पटवताना हे वाक्य हमखास येतं. त्यामागचा युक्तिवाद असा: मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाचं मेदाम्ल भरपूर असतं, समुद्री अन्नातही ते भरपूर असतं, तेव्हा मेंदू वाढला तो समुद्राच्या जिवावर. पहिली दोन विधानं बरोबर आहेत. तिसरं तारखांपुढे टिकत नाही.

मेंदूची वाढ सुमारे २० लाख वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि त्या काळातले आफ्रिकेतले बहुतेक जीवाश्म समुद्रापासून दूर सापडतात. मोरोक्कोतल्या जेबेल इऱ्हूदच्या मानवी कवट्या सुमारे ३ लाख वर्षांच्या; त्यांतला मेंदू आकाराने जवळपास आपल्याएवढा. आधुनिक माणसाने शिंपले खाल्ल्याचा सर्वांत जुना भक्कम पुरावा मात्र १ लाख ६४ हजार वर्षांपूर्वीचा. शिवाय डीएचए प्राण्यांच्या मेंदूत आणि यकृतातही असतं, आणि वनस्पतींतल्या मेदाम्लापासून आपलं शरीर थोडंफार तयारही करतं. पिढ्यानपिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतली मुलं हुशार निघतातच की! पाण्यातलं अन्न प्राचीन माणसाने खाल्लं जरूर: केनियात तुर्काना सरोवराजवळ १९.५ लाख वर्षांपूर्वी कासवं, मगरी आणि मासे खाल्ल्याच्या खुणा आहेत. पण ते गोड्या पाण्यातले.

याच समजाचं टोक म्हणजे माणूस एके काळी अर्धा जलचर होता ही कल्पना. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञांनी ती १९६० मध्ये मांडली, इलेन मॉर्गन यांच्या पुस्तकांनी ती लोकप्रिय केली. जीवाश्मांत तिला आधार मिळाला नाही. इथे एवढं पुरे.

दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा: शिंपले म्हणजे उपासमारीचं अन्न, वाकलं की मिळतं, त्याला डोकं लागत नाही. कोकणात तिसऱ्या काढणाऱ्या बाईला हे सांगून पाहा. दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बेजवळ पिनॅकल पॉइंट नावाच्या कड्यात गुहा आहेत. १ लाख ६४ हजार वर्षांपूर्वीचे ते शिंपले तिथलेच. पुरातत्त्वज्ञ कर्टिस मरेअन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते जाहीर केले. त्यांत मुख्यतः तपकिरी शिनाणे, म्हणजे आपल्याकडच्या हिरव्या शिनाण्यांचे सख्खे नातलग. त्यांच्याबरोबर गेरूचे तुकडे आणि बारीक दगडी पाती. समुद्र तेव्हा काही किलोमीटर लांब होता आणि शिनाणे खडकाच्या खालच्या अंगाला, लाटांच्या माऱ्यात चिकटलेले असतात. तिथे निर्धास्त हात पोचतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पाणी सर्वांत खाली जातं तेव्हा. अवेळी गेलं तर पायपीट फुकट किंवा जीव धोक्यात. ही माणसं चंद्राच्या कलांवरून ओहोटीचा अंदाज बांधत असावीत, असा मरेअन यांचा तर्क आहे, आणि मला तो पटतो. मोबदलाही कमी नव्हता. त्याच किनाऱ्यावर आजच्या स्थानिक वेचणाऱ्यांना घेऊन प्रयोग झाले, तेव्हा तासाला सरासरी १,५०० कॅलरींच्या आसपास अन्न हाती आलं. उत्तम ओहोटीत ३,४०० पर्यंत.

मग किनारा साधला तो फक्त आपल्याच जातीला? तेही नाही. स्पेनमधल्या बाहोंदियो गुहेत निअँडरथल सुमारे १ लाख ५० हजार वर्षांपूर्वी शिंपले खात होते. पोर्तुगालच्या फिगेइरा ब्राव्हा गुहेत १ लाख ६ हजार ते ८६ हजार वर्षांपूर्वी शिंपल्यांच्या जोडीला खेकडे आणि मासेही होते. त्याही आधी, जावातल्या त्रिनिल इथे होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीने नदीतल्या शिंपल्याला नेमकं स्नायूच्या जागी भोक पाडून तो उघडला. एका शिंपल्यावर तर नागमोडी रेघाही कोरल्या. हे किमान ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचं.

राहिला भारत. आफ्रिकेतून निघालेली माणसं शिंपले वेचत किनाऱ्याकिनाऱ्याने इथे आली, हे आता सिद्ध झाल्यासारखं सांगितलं जातं. पण सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. मुंबईसमोरची उथळ, रुंद समुद्रभूमी तेव्हा कोरडी जमीन होती. कोणी तिथे शिंपल्यांचे ढीग टाकले असतील, तर ते आज अरबी समुद्राच्या तळाशी आहेत. किनारी वाटेचा प्रत्यक्ष पुरावा म्हणावा असं काही भारतात अजून हाती नाही. उलट, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली आणि वर दगडी अवजारं मिळाली ती आंध्रातल्या ज्वालापुरमला, किनाऱ्यापासून बरीच आत.