यंदा राइड्स नाहीत! थीम पार्कला एक वर्ष सुट्टी आणि भोर-वेल्ह्यातले दोन दिवस

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आजचा भाग सुरू होतो माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याच्या प्रश्नाने. एप्रिलमध्ये मी घरी जाहीर केलं की यंदा मे महिन्यात आपण नेहमीच्या पार्कला जाणार नाही, भोरला जाऊ. त्याने मोबाइलमधून मान वर केली आणि विचारलं, "आत्या, तिथे राइड्स किती आहेत?"

मी म्हटलं, "एक पण नाही." तो म्हणाला, "मग तिथे करायचं काय?"

आजचा सगळा भाग त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा. कारण खरं सांगते, तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

आधी पार्कची बाजू

आमच्याकडे पाच वर्षं झाली, सुट्टीतली फॅमिली ट्रिप म्हणजे तेच पार्क. नाव सांगत नाही, कारण दोष पार्कचा नाहीये. आम्ही सात जण: आजी, आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं. आणि आठवी मी, जी तिकिटं बुक करते.

लोक पुन्हा पुन्हा पार्कलाच का जातात? आळस म्हणून नाही. आपल्या आई-बाबांच्या पिढीसाठी गोराईचं एस्सेलवर्ल्ड म्हणजे मोठी गोष्ट होती, ते 1989 मध्ये सुरू झालं. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं आणि पुणेकरांनाही थीम पार्क एका दिवसात जाऊन येण्यासारखं झालं. पार्क तुम्हाला काय देतं ते बघा: एकच तिकीट, स्वच्छ टॉयलेट, जेवायची सोय, पाण्यापाशी लाइफगार्ड, हरवलेलं मूल सापडेल असं कुंपण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घरात भांडण नाही. कुठे जायचं, काय बघायचं, सगळं आधीच ठरलेलं. ज्या घरात दोघंही नोकरी करतात आणि सुट्ट्या मोजून मिळतात, तिथे ही फार मोठी सोय आहे.

मग ब्रेक कशाला?

मी टायमर लावला

मागच्या खेपेला रांगेत उभी असताना कंटाळून मी मोबाइलवर एक उद्योग केला. राइडवर बसलो की टायमर चालू, उतरलो की बंद. सकाळी गेटमधून आत गेल्यापासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत नऊ तास. प्रत्यक्ष राइडवर होतो सव्वीस मिनिटं. बाकीचा वेळ रांग, चालणं, खाणं आणि एकमेकांना फोन करून "कुठे आहात?" विचारणं.

रांग ही पण एक डिझाइन केलेली वस्तू असते. ती सरळ नसते, नागमोडी असते. त्यामुळे ती किती लांब आहे ते एका नजरेत कळत नाही आणि आपण सतत पुढे सरकतोय असं वाटत राहतं.

पण मला खटकलं ते दुसरंच. उंचीचा नियम असतो ना, अमुक उंचीच्या खाली या राइडला प्रवेश नाही? तो सुरक्षेसाठी असतो आणि हवाच. पण त्यामुळे घर फुटतं. दादा आणि पुतण्या एका रांगेत, सहा वर्षांची पुतणी वहिनीबरोबर दुसरीकडे, आई-बाबा सावली शोधत. आणि आजी? आजी बाकावर, बॅगा सांभाळत.

टायमर बघताना मी मागच्या ट्रिपचे फोटो चाळले. पाच वर्षांत आजीचा एकही फोटो असा नाही ज्यात तिच्या शेजारी बॅगा नाहीत. तिला विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काय कळतंय त्यातलं, तुम्ही जा."

आठवण कशी बनते?

इथे थोडं शास्त्र. डॅनियल कानेमान हे नाव ऐकलं असेल. मानसशास्त्रज्ञ, पण 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1993 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. म्हणजे दुसऱ्या वेळी त्रास जास्त वेळ. तरी "यातलं पुन्हा काय कराल?" असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरंच निवडलं. कारण त्याचा शेवट थोडा बरा होता.

अर्थ काय, तर एखादा अनुभव किती वेळ चालला हे मन फारसं मोजत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोन गोष्टी जास्त लक्षात राहतात.

आता आमची पार्क ट्रिप यात घालून बघा. तीव्र क्षण म्हणजे तोच रोलर कोस्टर. पहिल्या वर्षी किंकाळी, तिसऱ्या वर्षी "हां, आता वळण येईल". शेवट म्हणजे पार्किंगमधून गाडी काढणं, ट्रॅफिक, मागे झोपलेली नाहीतर रडणारी मुलं. पाच वर्षं आम्ही पैसे देऊन तीच आठवण पुन्हा पुन्हा विकत घेत होतो, आणि दर वर्षी ती थोडी फिकी होत होती.

भोर का?

कारण आजीचं माहेर तिथलं. वेळवंड नदीच्या खोऱ्यातलं, भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेचं गाव. आमच्या घरापासून दोन तासांच्या आत. आणि नातवंडांनी ते कधीच पाहिलं नव्हतं, मी सुद्धा नीट नाही.

रस्ता सोपा आहे. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग वेल्ह्याला जायचं तर चेलाडी फाट्याला नसरापूरकडे वळायचं, भोरला जायचं तर पुढे कापूरहोळला. गाडी नसेल तर स्वारगेटहून एसटी आहे. आम्ही आधी नसरापूरजवळ बनेश्वरला थांबलो. पेशवेकालीन शिवमंदिर, आजूबाजूला गर्द झाडी, चालणं कमी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोघांनाही झेपतं. पुतणीने कुंडातले मासे बघत अर्धा तास काढला. रांग नाही, टायमर नाही.

भोर हे संस्थानाचं गाव, पंत सचिवांचं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, राजवाडा अजून उभा आहे. आमचा खरा मुक्काम मात्र भाटघरच्या पाण्याकाठी होता. ब्रिटिशांच्या काळात वेळवंड नदीवर बांधलेलं हे दगडी धरण. जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. इथलं पाणी नीरा नदीतून आणि कालव्यांतून बारामती, फलटणकडे जातं. आजी म्हणते, "आमची शेतं पाण्यात गेली आणि त्यांचा ऊस उभा राहिला." रागाने नाही, पाऊस पडला असं सांगावं तसं.

या पाण्यात एक देऊळ आहे, कांबरेश्वराचं. वर्षातला बहुतेक काळ ते बुडालेलं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी धरण खूप उतरलं की वर येतं, आणि पावसाने पाणी चढलं की पुन्हा खाली. नेमकं कधी ते त्या वर्षीच्या पाण्यावर.

आम्ही गेलो तेव्हा ते वर आलं होतं. सुकलेला, भेगा पडलेला गाळ तुडवत चालायचं होतं. वहिनी म्हणाली, "आजी, तुम्ही गाडीपाशी बसा, आम्ही येतो जाऊन." सवयीने, प्रेमानेच. आजीने ऐकलंच नाही. पदर खोचला, पुतणीचा हात धरला आणि पुढे निघाली. गाळ कुठे कच्चा आहे, पाय कुठे टाकायचा, हे फक्त तिला माहीत. आम्ही सगळे तिच्या मागे ओळीत. लहानपणी ती दर मे महिन्यात इथे यायची म्हणे. पुतण्याने विचारलं, "बाकी वर्षभर काय करायचात?" ती म्हणाली, "काय करणार? लोक नवसासाठी देव पाण्यात ठेवतात, आमचे कायमचेच पाण्यात."

तो हसला, पण नंतर बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "म्हणजे पुढच्या महिन्यात आलो असतो तर हे दिसलंच नसतं?"

नसतंच दिसलं. पार्क बारा महिने तसंच असतं, तीच त्याची हमी आणि म्हणूनच तिसऱ्या खेपेला ते संपतं. इथे पुन्हा यायचं तर दुसरं काहीतरी दिसणार.

दुसरा दिवस, वेल्हे

2024 मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, पण बोलताना लोक वेल्हेच म्हणतात. तोरणा वेल्हे गावाच्या डोक्यावरच आहे. राजगड थोडा अलीकडे. रायगडाच्या आधी सुमारे पंचवीस वर्षं शिवाजी महाराजांची राजधानी इथे होती. राजाराम महाराजांचा जन्म इथलाच, 1670 चा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड आहे.

इथेही घर फुटलं, लपवत नाही. दादा, पुतण्या आणि मी पहाटे गुंजवण्यातून गडावर. बाकीचे पायथ्याला पाल गावात, सईबाईंची समाधी बघून, एका घरी आदल्या दिवशी फोन करून सांगितलेल्या जेवणाची वाट बघत. फरक एवढाच की या वेळी कोणी बॅगा राखायला मागे राहिलं नव्हतं. आजी त्या घरच्या बाईंबरोबर चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती.

वर संजीवनी माचीवर पुतण्याला दुहेरी तटबंदी दिसली. "एका भिंतीच्या मागे परत भिंत कशाला?" मी सांगितलं, शत्रू बाहेरची भिंत चढून आला तरी मधल्या चिंचोळ्या जागेत अडकतो. तो वीस मिनिटं तिथे शत्रू बनून फिरत होता. उतरताना मात्र पाय दुखले म्हणून रडकुंडीला आला आणि "पार्कच बरं होतं" असंही म्हणाला. तेही सांगायला हवं.

तुम्ही जाणार असाल तर

एक, दिवसाला एकच मोठी गोष्ट. बनेश्वर, राजवाडा, रायरेश्वर, दोन गड, सगळं दोन दिवसांत कोंबलंत तर तीही रांगच झाली.

दोन, पाण्याशी खेळ नको. पार्कमध्ये लाइफगार्ड असतो, इथे नसतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात सहलीला आलेल्या कुटुंबातली माणसं वाहून गेली, पाच जीव गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं. मढे घाटाचे धबधबे सुंदर आहेत, लांबून बघा. वरंध घाटाने महाडकडे जायचं असेल तर पावसाळ्यात आधी चौकशी करा, दरडींमुळे रस्ता बंद ठेवतात. आणि धरणाचा गाळ वरून कोरडा, आतून ओला असतो. गावातलं माणूस बरोबर नसेल तर उतरू नका.

तीन, जेवण आदल्या दिवशी सांगा. पिठलं-भाकरी, ठेचा, इथला इंद्रायणी भात. आयत्या वेळी आठ माणसांचं कोणी कसं करणार? आणि आपला कचरा आपल्याच गाडीत परत.

चार, शेवट राखून ठेवा. आम्ही परतीचा शेवटचा एक तास मुद्दाम मोकळा ठेवला. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं विकायला बसलेल्या मावशी दिसल्या. आजीने मुलांना कोंबडा-कोंबडी शिकवलं: करवंद अर्धं खायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं. सगळ्यांची बोटं चिकट, गाडीच्या सीटचं वाटोळं.

मग पार्क बंद का?

नाही हो. पुतणीची उंची आता नियमात बसेल, तिला ती मोठी राइड करायचीच आहे आणि तिचा तो हक्क आहे. पुढच्या वर्षी जाऊ. आमचं ठरलंय की एक वर्ष पार्क, एक वर्ष घरातलं कोणीतरी सांगेल ते ठिकाण. परवा पुतण्याने कॅलेंडरवर पुढच्या मेमध्ये पेन्सिलीने लिहिलंय, "देऊळ वर आलं का, आजीला विचारणे." म्हणजे पार्कच्या वर्षातही भोरला एक चक्कर होणार असं दिसतंय.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एकच. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "तुला कुठे जायचंय?" "तुम्ही जाल तिथे" हे उत्तर आलं तर सोडू नका, पुन्हा विचारा. आमच्या आजीने तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं होतं.

काय उत्तर मिळालं ते आवाजी मेसेज करून कळवा, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवेन. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!